खिशात ठेवलेली माळ परत घालायची का?

रामकृष्णहरी माऊली. वयानं तुझ्या आईएवढी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की वय २९, हिंजवडीत नोकरी, तीन वर्षांपूर्वी पंढरपुरात वारकऱ्याची तुळशीची माळ घातली, पहिल्या वारीत दिवेघाटात रडू आलं वगैरे, दुसऱ्या वर्षी पण बरं गेलं, आणि यंदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर आळंदी ते पुणे चाललास तर काहीच वाटलं नाही, नुसते पाय दुखले. मग ऑगस्टमध्ये टीम आउटिंगला लोणावळ्याला माळ काढून खिशात ठेवली आणि चिकन खाल्लं. तेव्हापासून ती कपाटात आहे, घालावीशीही वाटत नाही आणि फेकवतही नाही. आणि विचारतोयस की जी माणसं आयुष्यभर देवाला धरून राहतात ती नक्की करतात काय, त्यांना कधी कंटाळा येत नाही का.

येतो की. पण आधी माझं सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका होते, सातारा जिल्ह्यात, २०१७ ला रिटायर झाले. पहिली वारी १९८६ ची, माळ पुढच्या वर्षी. लोक म्हणतात ताई चाळीस वर्षं वारी करतात, पण हिशोब खरा सांगायचा तर आळंदी ते पंढरपूर अख्खी वारी माझी फक्त अकरा वेळा झालीय, त्यातल्या सात रिटायर झाल्यावरच्या. बाकी कधी लोणंदपासून, कधी नुसतं वाखरीपासून पुढे, चार-पाच वर्षं तर अजिबातच नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्हा पोरांच्या डोक्यात आयुष्यभर म्हणजे एकही खाडा नाही असं काहीतरी बसलेलं असतं, आणि एक खाडा पडला की सगळंच संपलं म्हणून माळ कपाटात. जिमचं पण तुमचं असंच असतं, माझ्या पुतण्याचं बघते ना मी.

माळ घातली त्या दिवसाचं सांगते. आमच्या फडातले, म्हणजे वारकऱ्यांच्या ज्या परंपरेत आम्ही येतो तिथले, एक म्हातारे बुवा होते, पांढरं धोतर, दात नव्हते, बोललेलं निम्मं कळायचं नाही. ज्ञानेश्वरीवर माळ ठेवली, तिला बुक्का लावला आणि गळ्यात घालायच्या आधी मला विचारलं, रोजचा नेम काय करशील. मी नवीन नवीन उत्साहात, म्हणलं रोज पूर्ण हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीच्या पन्नास ओव्या. कडेवर माझा दीड वर्षाचा मुलगा, त्याच्या नाकाला शेंबूड. बुवांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, बाई तू लेकुरवाळी, त्यात नोकरीची, हरिपाठातला एक अभंग धर, पण तो रोज. पोरगं तापानं फणफणलं असलं तरी त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवता ठेवता म्हण. जास्त झालं तर देव काय नको म्हणत नाही. मला तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटलं, म्हणजे मला हे कच्ची समजतात की काय. पण पुढं जे जे दिवस आले त्यात टिकला तो तेवढा एकच अभंग. पन्नास ओव्यांचा नेम पहिल्या गॅस्ट्रोच्या साथीत, म्हणजे जुलाबाच्या, वाहून गेला असता, तेव्हा आम्ही रात्री अकराला घरी यायचो आणि पहाटे परत.

तेव्हा पहिलं विचारते, तू माळ घालताना काय काय बोलून बसलास? मला अंदाज आहे. रोज हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, पहाटे उठणं, वर्षाची आषाढी, जमली तर कार्तिकी पण. माळेचे मूळ नियम तसे मोजकेच आहेत, मांस-दारू नको, एकादशी, नामस्मरण, वर्षातून एक तरी वारी, दुसऱ्याच्या पैशाला आणि दुसऱ्याच्या बायकोला वाईट नजर नको. शेवटचे दोन कुणी नीट विचारत नाही ते सोड. पण त्याच्यावर आपण आपल्या हौसेचे आणखी दहा चढवतो, आणि मोडतात ते हेच वरचे, मग मन म्हणतं की माझी निष्ठा मोडली. तुझी हौस मोडलीय, ती मोडायचीच होती, तीन वर्षं टिकली हेच खूप.

आता चिकनचं. खाल्लंस ते खाल्लंस. आमच्या फडात असं झालं की पद्धत अशी, ज्यांच्या हातून माळ घेतली त्यांना जाऊन सांगायचं, ते असतील तर ते नाहीतर फडावर जे मोठे असतील ते, नदीवर अंघोळ करायची, माळ धुवायची, परत ज्ञानेश्वरीवर ठेवून घालायची. दुसऱ्या फडांत थोडं वेगळं असेल, तुझ्या बुवांना विचार. फार तर ते दोन शब्द बोलतील. माझ्या समोर एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं होतं की महाराज मी घेतली, दारू, सहा महिने घेतोय. सगळे गप्प. बुवांनी विचारलं माळ कुठंय, तो म्हणाला गाडीत देवाच्या फोटोला अडकवलीय. बुवा म्हणाले मग तू देवाला माळकरी केलंस, चल आण. एवढंच. नंतर तो सुटला का दारूतनं, तर लगेच नाही सुटला, मधे आणखी दोनदा आला होता सांगायला. तिसऱ्यांदा टिकली.

माळ काढून खिशात ठेवलीस यातच मला तर बरं वाटलं बघ. ज्याला काही वाटत नाही तो घालूनच खातो.

पण तुझा खरा प्रश्न दुसरा आहे, काही वाटत नाही हा. त्याच्यावर जरा थांबून सांगते.

तू पंढरपुरात गेलास तेव्हा कुणी सांगितलं का माहीत नाही, आषाढीच्या आधी देवाचा पलंग निघतो. म्हणजे शेजघरातला पलंग बाहेर काढतात आणि मग दर्शन रात्रंदिवस चालू, चोवीस तास. देवाला झोप नाही. म्हणून पाठीशी कापसाचा लोड देतात, उभ्या उभ्या टेकायला. असं बरेच दिवस चालतं, लाखो लोक पायाला डोकं लावून जातात, आणि मग गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी पायाला लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं अंघोळ, आणि रात्री सुंठ-मिरी असल्या मसाल्यांचा काढा दाखवतात शीण जावा म्हणून, मग पलंग परत आत जातो. मी नर्स असल्यामुळं मला हे सगळ्यात आवडतं, की आमच्या देवाला पण उभं राहून राहून शीण येतो आणि त्याच्यावर उपचार करावे लागतात. म्हणजे ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना माहीत होतं की उभं राहणं ही गोष्ट आनंदाची असेलच असं नाही. तुला यंदा चालताना काहीच वाटलं नाही म्हणून तू एवढा घाबरलास, अरे दिवेघाटात मला पहिल्यांदा रडू आलं ते १९८६ ला आणि नंतर बहुतेक वेळा मला तिथं फक्त धाप लागलीय. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, तीसेक किलोमीटर, त्यात शेवटी घाट. तिथं ज्याला दरवर्षी भाव येतो त्याला मी मनापासून नमस्कार करते, पण असे मला फार भेटले नाहीत, रील करणारे भेटले पुष्कळ.

वाटणं हे पावसासारखं आहे, येईल त्या वर्षी पेरणी जोरात. नाही आला तर शेतकरी काय जमीन विकत नाही लगेच.

माझी स्वतःची सगळ्यात कोरडी दोन वर्षं सांगते. हे मी सहसा सांगत नाही.

१९९८ ची वारी. मी त्या वर्षी महत्प्रयासानं रजा मिळवली होती, लोणंदपासून निघाले होते. नातेपुत्याच्या मुक्कामाला आम्ही नुकतं जेवायला बसलो होतो, पत्रावळीवर आमटी-भात, आणि दिंडीच्या ट्रकवाल्याबरोबर एक गावचा माणूस आला. तेव्हा मोबाईल कुठले. तो मला म्हणाला ताई घरी चला, दाजींना बरं नाही. नर्सला असं सांगितलं की कळतं. जीपनं रात्री दोनला घरी पोचले तर अंगणात गॅसबत्ती लावलेली आणि माणसं बसलेली. हार्ट अटॅक, वय ४३. संध्याकाळी वैरण टाकताना पडले. आमच्या उपकेंद्रापासून घर दोनशे पावलांवर, आणि त्या उपकेंद्राची नर्स नातेपुत्याला टाळ वाजवत होती.

लोक जे बोलले ते बोललेच. चुलत जावेनं माझ्या तोंडावर विचारलं कुठं होता तुझा विठोबा. मला राग तिचा नाही आला कारण माझा पण प्रश्न तोच होता. मी माळ काढली नाही, का काढली नाही ते पण सांगता येत नाही, बहुतेक तेवढी सुद्धा ताकद नव्हती. पण तो एक अभंग, अकरा वर्षं रोज म्हणलेला, तो तोंडातनं जाईना. दीड वर्ष गेलं असं. एकादशी करत होते कारण जेवण तसंही जात नव्हतं.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, त्यांना माझी वारी कधीच पसंत नव्हती. म्हणायच्या घरात दोन म्हशी आहेत आणि ही निघाली पंढरीला. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. एक दिवस मी संध्याकाळी आत धान्य निवडत बसलेले आणि बाहेर चुलीपाशी आत्याबाई काहीतरी पुटपुटत होत्या. लक्ष देऊन ऐकलं तर माझाच अभंग, हरिपाठातला, दहा-अकरा वर्षं माझ्या तोंडून भिंतीपलीकडनं ऐकून ऐकून पाठ झालेला, पण निम्मे शब्द चुकीचे, एक चरण पुढचा मागे. एकुलता मुलगा गेलेली बाई, चुलीत फुंकर मारत मारत म्हणतेय. मी तशीच आतून म्हणलं, आत्याबाई, तसं नाही, आधी ते दुसरं येतं. त्या म्हणाल्या, मग तू म्हण की, मला काय येतंय. मी म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी परत चुकीचा म्हणल्या. मी परत बरोबर करून दिला. असं आठ-दहा दिवस चाललं आणि मग एकदा माझ्या लक्षात आलं की म्हातारीला तो केव्हाच नीट पाठ झालाय.

त्या गेल्या २००६ ला. माळ कधी घातली नाही, पंढरपूरला आयुष्यात एकदाच गेल्या, तेही एसटीनं आणि गर्दी बघून वैतागून परत. आता यांना आयुष्यभर देवाला धरून राहिलेलं म्हणायचं की नाही? मी म्हणते.

म्हणून तुला दुसरी गोष्ट सांगते, एकटा राहू नको. तू ऑफिसच्या ग्रुपबरोबर चालतोस, तो ग्रुप पुण्यात पोचला की कॅबनं घरी जातो, पुढच्या वर्षी त्यातले निम्मे वेगळ्या कंपनीत. तू आला नाहीस तर तुला विचारणारं कोण? दिंडीचं तसं नसतं. आमच्या दिंडीत भिशी भरायची, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, नाव वहीत, आणि एखादा आला नाही की तळावर संध्याकाळी लगेच चौकशी, अमका का नाही आला, आजारी आहे का, सुनेशी भांडण झालं का. चोंबडेपणा पण असतो त्यात, खोटं कशाला बोलू. पण चाळीस वर्षांत मला घरातनं बाहेर काढलं ते बऱ्याच वेळा देवानं नाही, या चोंबड्या बायांनी. १९९८ नंतर तिसऱ्या वर्षी दोघी जणी माझ्या दारात येऊन बसल्या, म्हणाल्या तुझी भिशी आम्ही भरलीय, आता पैसे बुडवायचे का. पैसे बुडतील म्हणून गेले मी. असंही जावं लागतं.

भांडणांचं पण तू लिहिलंयस, की टँकरच्या पाण्यावरनं माळकरी माणसं एकमेकांना शिव्या देताना बघितली आणि मन उडालं. बघितली असणार, मी पण बघितलीत. तंबूच्या जागेवरनं, वीणा कुणाकडं यावरनं, पंगतीत वाढण्यावरनं. अडीचशे किलोमीटर चालणारी थकलेली, भुकेली माणसं, त्यात रात्री पालात पाणी शिरतं. माळ गळ्यात घातली की स्वभाव बदलतो असं कुणी सांगितलं तुला? पण त्याच तळावर संध्याकाळची समाजआरती कधी नीट बघितलीस का? हजारो टाळ चालू असतात, चोपदार, म्हणजे पालखीची शिस्त बघणारे, दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत, पाखराचा आवाज येतो. आणि एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, चालण्याच्या क्रमात अन्याय झाला, कुणी अपमान केला, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ चालूच. मग चोपदार तिकडं जातात, काय म्हणणं आहे ते ऐकून घेतात, निवाडा होतो, मग त्यांचे टाळ थांबतात आणि आरती पुढं सरकते. भांडण आहे म्हणून दिंडी तळ सोडून जात नाही, तिथंच उभी राहून टाळ वाजवते. मला देवाशी भांडायचं असतं तेव्हा मी हेच करते, घरात एकटीच असते, टाळ घेते आणि वाजवत बसते जोरात. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी सोसायटीत तक्रार केली होती एकदा.

आणि देवाची माणसं वाईट वागली तर देवाला सोडायचं का, याचं उत्तर महाद्वारातच आहे. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, बघितली असशील, लोक दर्शनाच्या गडबडीत पुढं निघून जातात. जातीमुळं जन्मभर आत घेतलं नाही त्यांना. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून गेले, १३३८ साल सांगतात, आणि नामदेवांनी अस्थी आणून तिथं दाराबाहेर ठेवल्या अशी परंपरा. त्यानंतर सहाशे वर्षं त्यांच्या लोकांना ती पायरीच शेवटची होती. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले तेव्हा कुठं दार उघडलं. आमच्या दिंडीत मागच्या बाजूला एक आजोबा चालायचे, त्यांच्या आजीनं आयुष्यभर कळसाचं दर्शन घेतलं, आत कधीच नाही, आणि दार उघडल्यावर मुलगा म्हणाला चल तर म्हणाली आता कशाला, माझं त्याचं बाहेरनंच जमलंय. आजोबा सांगताना हसायचे. मला हसू यायचं नाही. मी तिथं गेले की चोखोबांपुढं जास्त वेळ थांबते, आतल्या रांगेत आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून पण, आणि मला तिथं शरम वाटते म्हणून पण. पण टँकरवरच्या शिव्यांनी माझं मन उडालं हे म्हणायच्या आधी तिथं एकदा पाच मिनिटं उभा राहा.

नोकरीचं आणि रजेचं. तू म्हणतोस मॅनेजर वीस दिवस सोडत नाही म्हणून पुढं कधीच पूर्ण वारी होणार नाही, मग काय उपयोग. बाबा, आषाढ म्हणजे आमच्या खात्यात साथीचा महिना. जुलाब, कावीळ, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं, त्यात रजा मागितली की साहेब असे बघायचे की जणू मी सोनं मागितलं. एका वर्षी तर रजा नाकारली आणि वर ड्युटी लावली पालखीच्या रस्त्यावरच, तरडगावच्या अलीकडं तंबूत. मी रडले त्या दिवशी, कारण सगळी दिंडी समोरनं चाललीय आणि मी टेबलामागं. दिवसभर ओआरएस आणि पायाचे फोड. फोड कसा बघायचा ते सांगून ठेवते तुझ्या कामाला येईल, वरची कातडी कधीच उपटायची नाही, निर्जंतुक सुईनं कडेला बारीक भोक पाडायचं, पाणी दाबून काढायचं, बीटाडीन, वर सैल पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी सुती मोजा. शुगरवाला असेल तर स्वतः काही करायचं नाही, सरळ डॉक्टर. तर सत्तरीची एक म्हातारी आली, टाचेला एवढा लिंबाएवढा फोड, मी खाली बसून पाय मांडीवर घेतला, पट्टी बांधली, आणि ती उठून माझ्या पाया पडली. म्हणलं आजी काय करता, तर म्हणाली तू माझ्या पायाला हात लावलास की, फिटंफाट. त्या दिवशी किती पाय हाताखालनं गेले मोजले नाहीत. ती माझी वारी मी हिशोबात धरत नाही, पण ती विसरले पण नाही.

आणि अरणचे सावता महाराज तुला माहीत आहेत ना, माळी. मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत. आजही आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, सावता महाराजांची येत नाही, उलट पांडुरंगाची पालखी अरणला जाते त्यांच्या पुण्यतिथीला. ज्याला खरंच जमत नाही त्याच्यासाठी ही सोय सातशे वर्षांपूर्वीपासून केलेली आहे. फक्त सावता महाराज मळ्यात काम करत होते, वेबसिरीज बघत नव्हते, एवढं ध्यानात ठेव.

२०२० मध्ये तर सगळ्यांचीच वारी चुकली. पादुका एसटीनं गेल्या पंढरपूरला, १ जुलैला एकादशी होती. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांना वाटलं आता जगायचं कशाला. आम्ही रोज संध्याकाळी साडेसहाला फोनवर हरिपाठ सुरू केला, कुणाचा आवाज पुढं कुणाचा मागं, रेंज जायची, एकाच्या मागं कुकरच्या शिट्ट्या. तो फोन अजून चालू आहे, गुरुवारी, कारण तेव्हा जे त्यात आले त्यातले बरेच आता चालू शकत नाहीत. तुला यायचं असेल तर ये, अर्धा तास लागतो, बोलायचं नाही, माइक बंद ठेवून नुसतं ऐकलंस तरी चालेल, बहुतेक जण माइक चालू ठेवतात आणि तेच मोठं संकट आहे.

बायकोबद्दल दोन ओळी. तिला माळ नको आहे, ती घरात अंडं करते, म्हणून तू भांडतोस हे काही बरोबर नाही. तुझी माळ तुझ्यापुरती. वेगळं भांडं ठेव, स्वतःचं स्वतः धू, आणि एकादशीची भगर तिच्याकडनं करून घेऊन तिलाच उपवासाचं पुण्य सांगू नको. निम्म्या वारकऱ्यांचे उपवास त्यांच्या बायका करतात, उठून करायच्या त्या, खायचे हे. एकादशीला काय खायचं हे पण तुझ्या फडावर विचार, आणि उद्या तुला माझ्यासारखी शुगर निघाली तर डॉक्टरचं ऐक. मी गेली सहा वर्षं एकादशीला गोळीबरोबर थोडं खाते, सुरवातीला फार जड गेलं, मग एका कीर्तनकार ताईंनी सांगितलं की चक्कर येऊन पडलीस तर बारस कोण सोडणार. पटलं.

तर आता काय कर. कपाटातली माळ बाहेर काढ, दोरा बघ, तुळशीचे मणी वर्षभर बंद राहिले की दोरा कुजतो कधीकधी, तसा असेल तर नवीन ओवून घे, आळंदीत कुठल्याही दुकानात ओवून देतात. बुवांना फोन लाव, जे झालं ते सांग, चिकनसकट. नेम एक अभंग, रोज, कुठलाही, बसमध्ये म्हणलास तरी चालतो, दिवस किती झाले ते ॲपवर मोजू नको, एक दिवस चुकला की ते शून्यावर जातं आणि तू परत कपाटाकडं जातोस. काही वाटलं तर वाटलं. वर्षभर एवढंच. दुसरं काही वाढवायचं झालं तर पुढच्या आषाढीनंतर वाढव, आणि तेव्हाही मला विचारून.

वारीला चार दिवसच रजा मिळत असेल तर सुरवातीचे चार नको घेऊ, तिथं गर्दी फार आणि उत्साह पण फार. मधले घे, लोणंद ते फलटण, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, वारकऱ्यांच्या रांगांमधनं घोडे धावतात ते, ते सापडेल, आणि त्या टप्प्यात माणसं खरी दिसतात कारण पायाला फोड आलेले असतात आणि पंढरपूर अजून लांब असतं. लोणंदच्या तळावर आमच्या दिंडीत ये. नाव वहीत नसलं तरी जेवायला मिळेल, झोपायला माझ्या भाच्याच्या पालात जागा आहे. येताना एक जाड प्लास्टिकचा कागद तेवढा घेऊन ये, सहा बाय नऊचा, मागच्या वर्षी त्याचं पाल गळत होतं आणि तो कागद आणतो आणतो म्हणून काही आणत नाही.